टोफासिटिनिबची गोळी आणि अ‍ॅडालिमुमॅबची सुई: आमवातावरची दोन औषधे वापरून लिहिलेला अभिप्राय

आमवातासाठी मी दोन नवी औषधे घेतली आहेत. २०२१च्या जानेवारीपासून सव्वा वर्ष टोफासिटिनिबची गोळी घेतली आणि २०२२च्या ऑगस्टपासून आजपर्यंत अ‍ॅडालिमुमॅबचे इंजेक्शन घेत आहे. आमच्या औषधाच्या दुकानात दोन्हींची ओळख एकच आहे, ‘ते सांधेदुखीचं भारी औषध’. प्रत्यक्षात या दोन औषधांचे काम शरीरात वेगवेगळ्या ठिकाणी चालते, त्यांचे धोके वेगळे आहेत आणि घरात सांभाळण्याच्या कटकटीही वेगळ्या आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिले की ते औषध नेमके कशावर बसते, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. पुढील मजकूर त्या विचारण्यातून आणि स्वतःच्या वापरातून आला आहे. कोणते औषध कोणी घ्यावे, हे अर्थातच ज्याचे त्याचे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट ठरवतील.

आधी आजाराविषयी थोडेसे. उतारवयात गुडघे झिजतात त्यालाही आपण संधिवातच म्हणतो आणि त्यामुळे फार घोटाळा होतो. माझा आजार आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), तो झिजेचा नव्हे. यात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते, अस्तर सुजून जाड होते आणि उपचार न केल्यास शेजारचे कूर्चा व हाड खाऊ लागते. मला पहिल्यांदा संशय आला तो दिवाळीत, चकलीचा सोऱ्या फिरवताना. पीठ नेहमीचेच होते, पण दांडा फिरेना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ मिटायला दहा वाजले. नंतर फळ्यावर लिहिताना खडू सुटू लागला. रक्ततपासणीत ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या दोन्ही खुणा वाढलेल्या निघाल्या, तेव्हा २०१७ साल चालू होते.

पहिली तीन वर्षे मेथोट्रेक्सेटवर गेली. नव्या औषधांच्या कौतुकात या जुन्या गोळीला विसरू नये असे मला वाटते. अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत ज्या चमूने ती घडवली, त्याचे नेतृत्व आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. तिचा पहिला उपयोग रक्ताच्या कर्करोगात झाला आणि आमवातासाठी अमेरिकेत तिला रीतसर मान्यता मिळाली ती १९८८ साली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्यास ती जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्या घरी तिचे नावच ‘रविवारची गोळी’ आहे आणि ती वेगळ्या डबीत राहते. मला तिने अर्धा आराम दिला. जोडीला आणखी दोन गोळ्या देऊनही मनगटांची सूज हटेना, सीआरपी (रक्तातून कळणारे दाहाचे मोजमाप) उतरेना, आणि मग डॉक्टरांनी नव्या औषधांचा विषय काढला.

या नव्या औषधांचे वैशिष्ट्य असे की त्यांतील प्रत्येक औषध एखाद्या ठरावीक रेणूला लक्ष्य करते. सुजलेल्या सांध्यात पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडत असतात. या निरोप्या प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. त्यांपैकी टीएनएफ हा मोठा कळलाव्या. त्याचे पूर्ण नाव ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’, म्हणजे गाठ कुजवणारा घटक, कारण १९७५ साली त्याचा शोध लागला तो उंदरांमधील कर्करोगाच्या अभ्यासात. सांधेदुखीच्या औषधाच्या माहितीपत्रकावर हे नाव वाचून माझ्या आईने कपाळाला हात लावला होता, ते आठवते. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी आमवाताच्या सांध्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि एकट्या टीएनएफला अडवले की बाकीच्या निरोप्यांचाही गलका कमी होतो, असे दाखवले. त्या वेळी अनेकांना हे पटत नव्हते. एवढे निरोप्ये असताना एकाला अडवून काय होणार, हा आक्षेप रास्तच होता. १९९२ साली त्यांनी टीएनएफविरोधी प्रतिपिंड (टीएनएफला चिकटून त्याला अडवणारे प्रथिन) थेट रुग्णांना दिले आणि रुग्णांना आराम पडला. आज इटानरसेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब ही जी नावे चिठ्ठीवर दिसतात, ती सगळी या शोधाची फळे आहेत.

टोफासिटिनिबचा मार्ग निराळा. इंटरल्यूकिन-६ सारखा निरोप्या पेशीच्या दारावर येऊन थाप मारतो, पण ती थाप आत पोहोचवण्याचे काम दाराच्या आतल्या बाजूस चिकटून बसलेली विकरे (एन्झाइम) करतात. त्यांना जॅक म्हणतात. पुढे-मागे दोन तोंडे असलेल्या जेनस या रोमन देवावरून हे नाव पडले, कारण या विकरांत एकमेकांसारखे दोन भाग असतात. शरीरात जॅक चार आहेत आणि टोफासिटिनिब त्यांपैकी मुख्यतः १ आणि ३ यांना रोखते. गंमत म्हणजे टीएनएफ स्वतःचा निरोप या जॅकमार्फत पाठवतच नाही. म्हणजे माझी गोळी आणि माझी सुई एकाच भांडणातल्या दोन वेगळ्या माणसांना आवरतात. अ‍ॅडालिमुमॅब निरोप्याला रस्त्यातच धरते, तर टोफासिटिनिब दुसऱ्या निरोप्यांना दारापर्यंत येऊ देते आणि आतला माणूस गप्प करते. एक औषध न चालल्यास दुसरे चालू शकते, ते यामुळेच.

आकारातला फरकही वापरात जाणवतो. अ‍ॅडालिमुमॅब हे अवाढव्य प्रथिन आहे. रेणुभाराने ते टोफासिटिनिबच्या चारशेपटींहून मोठे भरते. ते तोंडावाटे घेतले तर पोटात वरणातल्या डाळीसारखे पचून जाईल, म्हणून सुईला पर्याय नाही, आणि पेशीच्या आत ते शिरू शकत नसल्यामुळे त्याचे काम बाहेरच. टोफासिटिनिब मात्र साधा छोटा रेणू असल्याने गोळीत मावतो आणि पेशीत शिरतो.

आता प्रत्यक्ष अनुभव. गोळी पाच मिलिग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ एकेक. जेवणाशी तिचा संबंध नाही, फ्रीजची गरज नाही. दिवसातून एकदाच घ्यायची अकरा मिलिग्रॅमची गोळीही मिळते. वापरण्याच्या सोयीत हिला तोड नाही. गुण आला तोही अनपेक्षित वेगाने. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी सकाळी उठून कुकरचे झाकण लावले आणि चहा घेताना माझ्या लक्षात आले की ते मी एकटीने लावले होते. तिसऱ्या महिन्यात सीआरपी मर्यादेत आला. रक्तातील चरबी वाढली, पण तशी ती वाढते हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, आणि तेवढ्यासाठी आणखी एक गोळी मागे लागली. पैशाच्या बाजूने पाहिले तर भारतीय कंपन्यांची ही गोळी बाजारात आल्यापासून ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आहे. मला आता एका सुईला जे पैसे पडतात, त्यात गोळीचे काही महिने निघत असत.

गोळीचा माझा अनुभव इथपर्यंत उत्तम होता. २०२२च्या फेब्रुवारीत कमरेपासून पोटापर्यंत एका बाजूला आग होऊ लागली आणि तिसऱ्या दिवशी फोडांचा पट्टा उमटला. नागीण. लहानपणी झालेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसलेला असतो आणि जॅक रोखणाऱ्या औषधांनी पहारा ढिला झाला की तो डोके वर काढतो. या वर्गातल्या औषधांचा हा सर्वांत ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. शेजारणीने ‘दोन टोकं जुळली की संपलं’ असे सांगून घाबरवले, त्यात तथ्य नाही, पण वेदना मात्र अशी की पदराचा स्पर्शही नको व्हावा. पुढे २०२३ साली नागिणीवरची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस भारतात मिळू लागली. मला ती एक वर्ष उशिरा आली. ही गोळी आता सुरू करणाऱ्या प्रत्येकाने आधी या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे, असे मी आग्रहाने सांगते.

याच सुमारास दुसरी बातमी आली होती. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या चार हजारांहून अधिक रुग्णांत टोफासिटिनिबची तुलना टीएनएफविरोधी औषधांशी करणारी मोठी चाचणी २०२२च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना गोळीच्या गटात ३.४ टक्के रुग्णांना, तर टीएनएफविरोधी औषधांच्या गटात २.५ टक्के रुग्णांना झाल्या. कर्करोगाचे प्रमाण अनुक्रमे ४.२ आणि २.९ टक्के होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याआधीच, २०२१च्या सप्टेंबरात, जॅक रोखणाऱ्या औषधांवर चौकटीतला कडक इशारा घातला होता. फरक आकड्यात लहान दिसतो, आणि धूम्रपान न करणाऱ्या तरुण रुग्णाला तो तितकासा लागूही नसेल. पण मी तेव्हा बावन्न वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू, आणि नुकतीच नागिणीतून उठलेली. डॉक्टरांनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाले, “बाई, औषध वाईट नाही, पण तुम्ही या चाचणीतल्या रुग्णांसारख्याच आहात.” मला हे बोलणे प्रामाणिक वाटले. गोळी थांबली.

सुई सुरू होण्याआधी पुन्हा तपासण्यांची रांग होती: छातीचा एक्स-रे, कावीळ बी आणि सी, यकृताचे रिपोर्ट आणि क्षयाची इग्रा चाचणी, म्हणजे दडलेला क्षय शोधणारी रक्ततपासणी. ही शेवटची तपासणी आपल्याकडे कधीही टाळू नये. क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले की शरीर त्यांच्याभोवती पेशींचे कुंपण घालून त्यांना कोंडते, आणि ते कुंपण उभे ठेवण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. टीएनएफ अडवला की कुंपण ढासळू शकते. पाश्चात्त्य देशांत पहिले टीएनएफविरोधी औषध बाजारात आल्यावर दोन-तीन वर्षांतच, २००१ साली, क्षयाच्या सत्तर रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ही तपासणी जगभर सक्तीची झाली. आपल्या देशात तर दडलेला क्षय घरोघरी आहे. गोळीच्या वेळी निगेटिव्ह आलेली माझी चाचणी या वेळी पॉझिटिव्ह निघाली. मग सहा महिने आयसोनियाझिड, सोबत ब-६ जीवनसत्त्व, आणि पहिला महिना पार पडल्यावरच पहिली सुई. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्ही यकृतावर ताण देतात, त्यामुळे दर महिन्याला एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी. तो काळ माझ्यासाठी सर्वांत वाईट होता, कारण गोळी बंद आणि सुईचा गुण यायचा बाकी. वर्गात मी मुलांनाच फळ्यावर लिहायला लावत असे.

अ‍ॅडालिमुमॅब चाळीस मिलिग्रॅम, दर चौदा दिवसांनी, त्वचेखाली. सिरिंज भरलेलीच येते. फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायची, गरम पाण्यात बुडवायची नाही, हलवायची नाही, बेंबीपासून चार बोटे सोडून पोटावर किंवा मांडीवर टोचायची, आणि जागा दर वेळी बदलायची. पहिल्या दोन सुया दवाखान्यात परिचारिकेने दिल्या, तिसरी यजमानांनी, चौथीपासून मी स्वतः घेते. सुई बारीक आहे, टोचलेले कळत नाही, पण औषध आत जाताना दहाएक सेकंद गांधीलमाशी चावल्यासारखी आग होते. ही आग औषधाची नसून त्यात घातलेल्या सायट्रेटची असते, हे मला वर्षभराने कळले. सायट्रेट नसलेले प्रकारही निघाले आहेत. मी घेते त्या बनावटीत ते आहे.

माझी खरी तक्रार टोपणाची आहे. हे औषध ज्यांच्या बोटांत जोर नाही त्यांच्यासाठी बनवले जाते, आणि सुईवरचे रबरी टोपण मात्र इतके घट्ट की अंगठा आणि तर्जनी यांची जोरदार चिमूट केल्याशिवाय निघत नाही. दुखत्या हाताची नेमकी हीच हालचाल सर्वांत आधी जाते. औषध लागू पडल्यावर टोपण निघू लागले, पण औषध लागू पडण्याआधी ते कोणी काढायचे, याचा विचार ते घडवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. बटण दाबून टोचण्याचे पेन मिळते, त्याला पैसे जास्त पडतात. माहितीपत्रक मुंगीच्या अक्षरांत, फक्त इंग्रजीत आणि पसरले तर जेवणाच्या ताटाएवढे. महाराष्ट्रात विकायच्या औषधावर निदान टोचण्याच्या पायऱ्या मराठीत छापायला काय हरकत आहे, हे मला आजवर समजलेले नाही.

दुसरी तक्रार थंडाव्याची. औषध २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहिले पाहिजे. गोठलेले औषध तर फेकूनच द्यावे लागते, म्हणून ते फ्रीजच्या मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याखाली चिकटवून ठेवू नये. २०२३च्या मे महिन्यात एका घरपोच सेवेकडून आलेला थर्माकोलचा डबा मी उघडला, तर आतले आइस पॅक पाण्यासारखे मऊ आणि कोमट. मी डबा परत नेण्यास सांगितले, तर फोनवरचा मुलगा म्हणतो, “काही होत नाही मॅडम, सगळे घेतात.” तापमानाची नोंद दाखवा म्हटल्यावर त्याच्याकडे नोंद नव्हती. चार दिवस वाद घातल्यावर डबा बदलून मिळाला, पण माझी सुई पाच दिवस लांबली. तेव्हापासून मी औषध स्वतः दुकानातून, सकाळी आठच्या सुमारास, आइस पॅक घातलेल्या डब्याच्या पिशवीतून आणते. गोळीला यातले काहीच लागत नाही, आणि लोडशेडिंगच्या गावात राहणाऱ्याने हा मुद्दा औषधाच्या गुणाइतकाच महत्त्वाचा मानावा.

मी वापरते ते मूळ औषध नव्हे, बायोसिमिलर आहे. गोळीची जेनेरिक नक्कल हुबेहूब करता येते, प्रथिनाची करता येत नाही. ते जिवंत पेशींत वाढवावे लागते आणि प्रत्येक कारखान्याचा हात थोडा वेगळा पडतो. म्हणून ‘तेच’ न म्हणता ‘तसेच’ म्हणतात आणि तसेच असल्याचे तपासण्यांनी सिद्ध करावे लागते. मूळ औषधाला, म्हणजे ह्युमिराला, अमेरिकेत २००२च्या अखेरीस मान्यता मिळाली. त्याचे जगातील पहिले बायोसिमिलर, झायडसचे एक्झेम्पशिया, भारतात आले २०१४च्या डिसेंबरात. युरोपात बायोसिमिलर यायला २०१८चा ऑक्टोबर उजाडला आणि पेटंटांच्या तटबंदीमुळे अमेरिकेत तर २०२३चा जानेवारी. औषधांच्या बाबतीत आपण नेहमी मागे असतो असे म्हणणाऱ्यांना मी हा क्रम ऐकवते. तरीही किंमत शिक्षिकेच्या पगाराला जाणवतेच. दुकानागणिक आणि कंपनीगणिक भावात बराच फरक पडतो, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावे.

गुणाचे म्हणाल, तर सुईने घाई केली नाही. सहा आठवडे मला काहीच वाटले नाही, दहाव्या आठवड्यात सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासावर आला, आणि चौथ्या महिन्यात मनगटाची सूज गेली. शेवटचा टप्पा गोळीइतकाच. माझा अनुभव अपवादात्मक नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत या दोन्ही औषधांना समोरासमोर उभे केले होते. सहा महिन्यांनी आजारात निम्म्याने सुधारणा झालेल्या रुग्णांचे प्रमाण टोफासिटिनिब व मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत ४६ टक्के, अ‍ॅडालिमुमॅब व मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांत ४४ टक्के आणि नुसते टोफासिटिनिब घेणाऱ्यांत ३८ टक्के निघाले. म्हणजे गुणात उणे-अधिक जवळजवळ नाही, आणि मेथोट्रेक्सेट सोडून चालत नाही. सुईच्या बाबतीत तर त्याचे आणखी एक काम आहे: शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध स्वतःचे प्रतिपिंड बनवून त्याला निकामी करू पाहते, आणि मेथोट्रेक्सेट ते प्रमाण कमी करते. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांनी ‘आता भारी औषध चालू आहे’ म्हणून रविवारची गोळी परस्पर बंद केली आणि वर्षभरात सुईचा गुण ओसरला.

बाकीच्या लक्ष्यांविषयी मला स्वतःचा अनुभव नाही, त्यामुळे थोडक्यातच सांगते. इंटरल्यूकिन-६ ला अडवणारे टोसिलिझुमॅब जपानमध्ये तदामित्सु किशिमोतो यांच्या कामातून उभे राहिले. संरक्षणव्यवस्थेतील बी-पेशींवरच्या सीडी-२० या प्रथिनाला धरणारे रिटुक्सिमॅब आणि तिच्याच टी-पेशींची चिथावणी रोखणारे अ‍ॅबाटासेप्ट हेही वापरात आहेत. प्रत्येक लक्ष्य फळाला येतेच असे मात्र नाही. पी-३८ नावाच्या विकरावर अनेक कंपन्यांनी वर्षे घालवली. प्राण्यांत उत्तम गुण दिसला, रुग्णांत सीआरपी काही आठवडे उतरला आणि पुन्हा होता तिथे आला. कागदावर सरळ दिसणारी वाट शरीराने बगल देऊन चुकवली.

गोळी आणि सुई यांत गुणांकन करायचे तर सोय, वेग आणि खर्च यांसाठी मी टोफासिटिनिबला झुकते माप देईन. तिचा परिणाम काही दिवसांतच ओसरतो, हाही मला फायदाच वाटतो, कारण संसर्ग झाला किंवा शस्त्रक्रिया ठरली की ती लवकर थांबवता येते. सुई मात्र एकदा टोचली की कित्येक आठवडे अंगात असते. पण पन्नाशीपुढच्या, रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्या, तंबाखू-सिगारेटची सवय असलेल्या किंवा नागीण होऊन गेलेल्या माणसाने गोळीची स्वस्ताई पाहून डॉक्टरांचा सल्ला डावलू नये. माझ्या प्रकृतीला सुई मानवली आहे आणि मी तीच चालू ठेवणार आहे. गेल्या दिवाळीत सोऱ्या मीच फिरवला. टोपण अजूनही पहिल्या प्रयत्नात निघत नाही. ते मी पक्कडीने काढते.